जपानला फिरायला जाताय? नमाजचं असं जमवा

आपल्याकडे अजान कानावर पडली की पाय आपोआप मशिदीकडे वळतात, जपानमध्ये बाहेर भोंगा नाहीच, त्यामुळे सकाळी हॉटेलातून निघतानाच ठरवून टाका की आज जोहर (दुपारची नमाज) कुठे आणि असर (दुपार उतरल्यावरची) कुठे. बाकी सगळं यानंतर.

डिसेंबरमध्ये टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे जोहर, असर, मगरीब (सूर्य मावळल्यावरची) तिन्ही ऐन फिरायच्या वेळेत येतात. जूनमध्ये उलटं, फजर, म्हणजे पहाटेची नमाज, तीनच्याही आधी लागते, अलार्म लावूनच झोपा. शाफई आणि हनफी हे आपल्याकडचे दोन पंथ; कोकणातले आपले बरेच लोक शाफई, त्यांना प्रवासात जोहर-असर आणि मगरीब-इशा (रात्रीची) एकत्र पढता येतात, अर्धं टेन्शन तिथेच संपतं. हनफी असाल तर कसर, म्हणजे प्रवासातली छोटी नमाज, आहेच, चार रकातींच्या (नमाजाच्या फेऱ्यांच्या) दोन, पण वेळ सांभाळावी लागणार म्हणून जागाही जास्त हेरून ठेवा. किती दिवस मुक्काम असेल तर कसर चालते ते दोघांचं वेगळं आहे, मौलानांना निघायच्या आधी विचारा, तिथून व्हॉट्सअ‍ॅप करत बसू नका.

नरिता, हानेदा, कन्साई या एअरपोर्टांवर प्रेयर रूम आहेत. टोकियोत मोठी मशीद म्हणजे टोकियो जामी, योयोगी-उएहारा स्टेशनवरून चालत काही मिनिटं, आत्ताची इमारत 2000 ची, एकदम तुर्की थाटाची, बायकांची जागा वरच्या मजल्यावर. उएनोजवळ ओकाचिमाचीतही एक मशीद आहे, पण मिनार शोधत फिराल तर समोरून निघून जाल, बाहेरून साधी अरुंद बिल्डिंग दिसते, मॅपवरच भरवसा ठेवा. कोबेला गेलात तर तिथली मशीद चुकवू नका, 1935 ची, जपानमधली पहिली, आपल्या भारतातल्या व्यापाऱ्यांचाही पैसा तिच्यात आहे आणि 1945 ची बॉम्बफेक, 1995 चा भूकंप दोन्ही झेलून उभी आहे.

खरी कसरत वजूची, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याची. बेसिनमध्ये पाय वर करून धुतलेला तिथे अजिबात आवडत नाही, खाली पाणी सांडलं की लगेच कोणीतरी पुसायला धावतं आणि आपल्यालाच ओशाळं होतं. हॉटेलातूनच वजू करून चामड्याचे मोजे घाला, मग प्रवासात तीन दिवस-तीन रात्री त्यावर मसह (ओला हात फिरवणं) चालतो, पाय धुवायचा प्रश्नच नाही. सोबत छोटी बाटली आणि टिश्यू ठेवा.

किबला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, आपल्यासारखाच पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला. पण ही सवय घेऊन लंडनला जाऊ नका हां, तिथे तो आग्नेयेला असतो. लोखंडी बिल्डिंगमध्ये फोनचं होकायंत्र भरकटतं, बाहेर मोकळ्यावर बघून घ्या आणि मग आत या.

मॉलमध्ये अडलात तर इन्फर्मेशन काउंटरवर 'ओइनोरी' (जपानीत प्रार्थना) म्हणून हात बांधून दाखवा, रूम असेल तर बहुतेक वेळा सोबत येऊन दाखवतात. कपड्यांच्या ट्रायल रूममध्ये न विचारता पढू नका, बाहेर लाइन लागते. पार्कात पातळ मुसल्ला (नमाजाची चटई) अंथरून, वाट सोडून झाडाच्या आडोशाला पढलात तर सहसा कोणी ढुंकूनही बघत नाही.