तिकिटावरचा कुतुबमिनार सरळ कसा केला

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं दहा रुपयांचं टपाल तिकीट, त्यावर कुतुबमिनार. मोबाइलवर फोटो काढला की मिनार कललेला दिसायचा. मुळात तो वर निमुळताच होत जातो, पायथ्याशी १४ मीटरहून अधिक रुंद तर माथ्याला तीन मीटरही नाही. त्यामुळे चूक कॅमेऱ्याची की इमारतीची, हेच बरेच दिवस कळेना. शेवटी मिनार सोडून तिकिटाची चौकट पाहिली. तीच वर अरुंद होत होती, म्हणजे कॅमेरा तिरका.

उपाय आरशाने सापडला, आणि तो मला फार आवडतो. तिकिटाच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा. मोबाइलच्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब दिसेपर्यंत मोबाइलचा स्टँड हलवायचा. मग आरसा काढून तिथे तिकीट ठेवायचं, स्टँडला हात लावायचा नाही.

रेषा तरीही फुगीर येत होत्या, कारण मोबाइल फार जवळ होता. मागे घेऊन दुपटीचा झूम वापरल्यावर त्या सरळ झाल्या.

उजेड दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून, फ्लॅश बंद, दोन सेकंदांचा टायमर. खाली काळा कागद, म्हणजे कडेचे दाते स्वच्छ उठून दिसतात. तिकीट चिमट्यानेच उचला, बोटांचा घाम कागदाला डाग पाडतो. कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं, शाई कागदावर उठून आलेलं तिकीट असेल तर मात्र एकच दिवा, बाजूने अगदी कमी उंचीवरून तिरका लावा. शाईच्या रेषांची उंची सावलीतून दिसते, आणि कोरीवकाम करणाऱ्याने कमानीतला अंधार किती बारीक रेघांनी भरलाय ते तेव्हाच कळतं.