सोयाबीन विकताना या चुका टाळा

रास झाली की टेम्पो खळ्यावरच उभा, आणि दिवाळीच्या तोंडावर अख्खं सोयाबीन लातूरच्या आडतीवर. दरवर्षी हेच. मग संध्याकाळी पारावर बसून व्यापाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. व्यापारी काही संत नसतो, पण निम्मा मार आपण घरूनच बांधून नेलेला असतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती ओला माल नेणाऱ्यांची. खरेदीदार कट्ट्यात हात घालतो, दोन दाणे दाताखाली धरतो, मूठभर माल ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकतो. आकडा येतो १६. शेजारच्या वाळल्या मालाला ४२०० आणि तुम्हाला ३७००. आता हिशोब करा. १६ टक्के ओलाव्याचा क्विंटल १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन साडेचार किलो घटतं, म्हणजे जेमतेम १९० रुपये. तुम्ही सोडले ५००. ती घट वजा केली तरी वीस क्विंटलमागं सहा हजार गेले, का तर दोन दिवस ऊन द्यायला धीर नाही! मी ताडपत्रीवर पातळ पसरतो, दुपारी दोनदा पाय ओढत सऱ्या पाडतो आणि मुठीत दाणे खुळखुळ वाजले की मगच भरतो. नाफेडच्या, म्हणजे सरकारसाठी हमीभावानं माल घेणाऱ्या संस्थेच्या, खरेदीलाही अट १२ टक्क्यांचीच असते. २०२४ ला १५ पर्यंत सूट मिळाली, पण तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता. ४८९२ चा हमीभाव कागदावर असताना पुष्कळांनी चार हजारांच्या आसपास देऊन टाकलं होतं.

दुसरी चूक याच्या उलटी, आणि ती माझी स्वतःची. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीननं दहा हजार दाखवले. तेव्हा घरात माल मोजक्यांकडंच होता, पण आकडा डोक्यात घुसला तो घुसलाच. पुढं त्या वर्षीची रास झाल्यावर निघालेले चाळीस क्विंटल मी थप्पी मारून ठेवले. मार्च-एप्रिल २०२२ ला भाव सात हजारांच्या वर गेला. बायको म्हणाली, "निम्मं तरी काढा." मी म्हणालो, "दहाच्या खाली हात लावायचा नाही." ती तेजी युक्रेनच्या युद्धाची आणि इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात अडवल्याची होती, आमच्या शिवारातली नव्हती. मे महिन्यात इंडोनेशियानं बंदी उठवली. त्याच महिन्यात केंद्रानं वर्षाला २० लाख टन कच्चं सोयातेल शुल्काशिवाय आणायला परवानगी दिली. भाव उतरणीला लागला. दिवाळीनंतर पाच हजारांच्या आसपास विकलं. मधल्या काळात कृषी केंद्राची उधारी महिन्याला शेकडा दोनानं चढत होती, आणि उंदरांनी कट्टे फोडलेले ते वेगळंच. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मालाचे तीन वाटे करतो. देणं भागेल एवढा पहिल्या महिन्यात, दुसरा संक्रांतीनंतर, तिसरा पाडव्याच्या आत. भाव कसाही असो. हे शास्त्र नाही, माझी खोड आहे. "यंदा तेजी पक्की" सांगणाऱ्या यूट्यूबवाल्याच्या घरात किती कट्टे पडून आहेत, हे आधी विचारा. तेल महागलं म्हणूनही नाचू नका. क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल अठरा किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंडच. पेंडीला गिऱ्हाईक नसेल तर सोयाबीन हलत नाही.

माल थांबवायचाच असेल तर घरात कशाला? बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवा. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, व्याज सहा टक्के. सावकाराचे दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होतात, हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही.

मोबाईलवर येणारा 'जास्तीत जास्त' दर बघून टेम्पो सांगू नका. तो बियाण्याजोग्या चार कट्ट्यांचा असतो. आपला दर म्हणजे 'सर्वसाधारण' रकान्यातला.

दारावर खेडा खरेदीवाला आला तर त्याच्या काट्यावर आधी आपल्या घरची वजनं ठेवून बघा. चहा नंतर.

कच्च्या चिठ्ठीवर माल सोडू नका, पक्की पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, घ्या.

आणि ई-पीक पाहणी. ती राहिली की सातबाऱ्यावर सोयाबीनच नाही, मग हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी अडते. पाहणीची मुदत चालू असते तेव्हा बांधावर उभं राहून मोबाईलमध्ये फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुणाला मिळत नाहीत, आणि दिवाळीनंतर तलाठ्याच्या दारात अख्खी सकाळ मिळते.