दोन ब्लॉकचेनची तुलना करायचीये? आधी टीपीएस बाजूला ठेवा

इथेरियम की सोलाना असं विचारलं की लोक लगेच टीपीएसचे (सेकंदाला किती व्यवहार होतात त्याचे) दोन आकडे समोर टाकतात, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला आणि विषय संपला. अशी तुलना वाचून कुणी आपलं अ‍ॅप कुठे बांधायचं ते ठरवत असेल तर मला खरंच काळजी वाटते. वॉलेट, फीपुरते टोकन आणि दोन्हीकडचे एक्सप्लोरर (व्यवहार शोधून बघायच्या साइट) तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो.

वेग मोजायला काम दोन्हीकडे एकच घ्या, उदा. युएसडीसी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन) पाठवणं. सोलानावर समोरच्या पत्त्याचं युएसडीसीचं खातं आधीच उघडलेलं असू दे, नाहीतर ते उघडायचं कामही त्याच व्यवहारात येतं. टेस्टनेट (चाचणीपुरतं वेगळं नेटवर्क) नको. तिथली गर्दीही खरी नाही आणि फीही.

टीपीएस बघायचाच असेल तर त्यात नेमकं काय मोजलंय ते बघा. सोलानावर व्हॅलिडेटरची (ब्लॉक तपासून मान्य करणाऱ्या मशीनची) मतंसुद्धा व्यवहार म्हणूनच ब्लॉकमध्ये जातात, इथेरियमवर ती व्यवहारांत धरली जात नाहीत. म्हणून सोलानाचा नॉन-व्होट (मतं वगळलेला) आकडा घ्या आणि त्यातूनही फेल झालेले व्यवहार वजा करा.

आता खरी अवघड पायरी: व्यवहार "झाला" कधी म्हणायचं? मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण वॉलेटमध्ये हिरवी टिक दिसली की घड्याळ थांबवायचं असंच जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या टिकवर बिलकुल विसंबू नका, कुठलं वॉलेट ती कुठल्या टप्प्यावर दाखवतं याचा काही नेम नाही. घड्याळ दोनदा बघायचं, एकदा व्यवहार ब्लॉकमध्ये आला तेव्हा आणि एकदा तो फायनलाइज्ड (सहजी उलटवता येणार नाही इतका पक्का) झाला तेव्हा.

इथेरियमचा स्लॉट (एका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ) 12 सेकंदांचा, असे 32 स्लॉट मिळून एक इपॉक म्हणजे 6.4 मिनिटं, आणि फायनल व्हायला साधारण दोन इपॉक, म्हणजे 12.8 मिनिटं, तुमचा व्यवहार इपॉकच्या सुरुवातीलाच आला असेल तर आणखी थोडा वेळ जातो. त्यानंतर तो उलटवायचा तर स्टेक केलेल्या (व्हॅलिडेटरनी तारण ठेवलेल्या) इथरपैकी, म्हणजे इथेरियमच्या नाण्यांपैकी, किमान एक तृतीयांश जाळून घ्यावा लागेल. सोलानाचा स्लॉट साधारण 400 मिलिसेकंदांचा. तिथे कन्फर्म्ड म्हणजे दोन तृतीयांशपेक्षा जास्त स्टेकची मतं पडली, ते एक-दोन सेकंदांत होतं, पण टॉवर बीएफटीच्या (सोलानाच्या एकमत ठरवायच्या पद्धतीच्या) रचनेत फायनलाइज्डसाठी वर अजून 31 ब्लॉक चढावे लागतात, म्हणजे जवळपास 12.8 सेकंद. म्हणजे सोलाना फास्ट आहेच, प्रश्न कितीने फास्ट हा आहे, आणि सोलानाचं कन्फर्म्ड इथेरियमच्या फायनलाइज्डशेजारी ठेवून काढलेलं उत्तर चुकीचंच असतं. आरपीसीला (नेटवर्कची माहिती देणाऱ्या सर्व्हरला) विचारताना दोन्हीकडे फायनलाइज्ड असं स्पष्ट मागा.

हे गर्दीच्या वेळी आणि शांत वेळी, दोन्ही वेळेला करा. सरासरी नको, मध्यक घ्या, कारण एकच अडकलेला व्यवहार सरासरीची वाट लावतो. फी किती लावली तेही लिहा.

डिझाइनसाठी व्हाइटपेपर पाठ करायची गरज नाही. इथेरियमचं व्हर्च्युअल मशीन व्यवहार एकामागून एक चालवतं. सोलानावर व्यवहार कुठल्या खात्यांना हात लावणार ते आधीच सांगतो, म्हणून एकमेकांत न अडकणारे व्यवहार एकदम चालतात, पण सगळेच एका खात्यावर तुटून पडले की तिथेही रांग लागते. मग मशीन बघा: सोलाना व्हॅलिडेटरला 256 जीबी किंवा त्याहून जास्त रॅम सांगतात, इथेरियमचा नोड 32 जीबी आणि चांगल्या एसएसडीवर आरामात चालतो. वेग कशाच्या बदल्यात मिळतोय ते इथे दिसतं.

आणि बिघाड झाला की नेटवर्क काय करतं हे बघितल्याशिवाय तुलना पूर्ण झाली असं मी मानत नाही. मे 2023 मध्ये इथेरियमची फायनलिटी दोनदा थोड्या वेळासाठी अडकली, तरी ब्लॉक येत राहिले. फेब्रुवारी 2024 मध्ये सोलाना सुमारे 5 तास पूर्ण बंद होतं आणि व्हॅलिडेटरनी मिळून ते परत सुरू केलं. तुमच्या अ‍ॅपला यातलं कुठलं झेपेल ते मोजलेल्या सेकंदांच्या शेजारीच लिहा, आणि वर तारीख टाका, कारण अपग्रेड आलं की हे सगळं परत मोजावं लागतं.