मेंदूचा पेट स्कॅन : तयारी कशी करावी, अहवाल कसा वाचावा

स्मृतिभ्रंशाची शंका आली आणि एमआरआयवरून पुरेसा उलगडा झाला नाही, तर काही रुग्णांना डॉक्टर मेंदूचा एफडीजी पेट स्कॅन करायला सांगतात. यात एफडीजी हा ग्लुकोजसारखा किरणोत्सारी रेणू टोचून मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो याचे चित्र काढतात. केंद्रावरून मिळणाऱ्या कागदावर काय करावे ते लिहिलेले असते, पण का करावे ते बहुधा नसते. कारण ठाऊक असले की घरची माणसे सूचना मनापासून पाळतात असे मला वाटते, आणि ते कारण लुई सोकोलॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या संशोधनात सापडते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. तरी विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून मिळवतो. मेंदूचा नेमका कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो, हे मोजण्यासाठी सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोजचा उपयोग केला. हा रेणू ग्लुकोजसारखाच पेशीत शिरतो, हेक्सोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडते, पण पुढची पायरी त्याला जमत नाही आणि तो तिथेच अडकून पडतो. माकडाचा एक डोळा झाकून हा किरणोत्सारी रेणू टोचला आणि नंतर मेंदूचे पातळ काप क्ष-किरण फिल्मवर ठेवले, तेव्हा दृष्टीच्या बाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक उमटले : फिकट पट्टे झाकलेल्या डोळ्याचे, गडद उघड्याचे. ही पद्धत १९७७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली आणि १९८१ मध्ये सोकोलॉफ यांना वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

माणसासाठी कवटीबाहेरून टिपता येईल असा किरणोत्सार हवा होता, म्हणून त्याच रेणूला फ्लोरीन-१८ जोडण्यात आले. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झालेले हे एफडीजी ऑगस्ट १९७६ मध्ये फिलाडेल्फियात प्रथम माणसांना देण्यात आले. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे ११० मिनिटे असल्यामुळे रुग्णाने दिलेली वेळ काटेकोरपणे पाळावी. उशीर झाला तर आणलेला डोस वाया जाऊ शकतो.

स्कॅनपूर्वी साधारण ४ ते ६ तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते. रक्तातील ग्लुकोज आणि एफडीजी एकाच वाटेने पेशीत शिरतात, त्यामुळे साखर वाढलेली असेल तर एफडीजी कमी शोषले जाते आणि चित्र धूसर येते. मधुमेह असल्यास गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद न करता केंद्राला आधी विचारावे. झोपेच्या आणि मनोविकारांच्या औषधांची यादीही सोबत न्यावी, कारण त्यांतील काहींमुळे मेंदूचा ग्लुकोजवापर बदलतो.

सगळ्यात जपायचा भाग इंजेक्शनच्या आधीचा आणि नंतरच्या अर्ध्या तासाचा आहे. रुग्णाला मंद प्रकाशाच्या शांत खोलीत बसवतात. आई किंवा वडील घाबरलेले असतील तर त्यांच्याशी बोलत राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे; पण त्या वेळी मेंदू जे काम करील, त्याचीच नोंद चित्रात उतरते, हे त्या माकडाच्या पट्ट्यांनी दाखवले आहे. म्हणून समजूत इंजेक्शनच्या बरीच आधी घालावी, मोबाइल बंद ठेवावा आणि सोबत बसण्याची परवानगी असेल तर न बोलता बसावे.

अहवालात ‘हायपोमेटाबॉलिझम’ हा शब्द दिसला की त्या भागात ग्लुकोजवापर घटला आहे असे समजावे, पण लगेच रोगाच्या नावावर उडी मारू नये. महत्त्व घट कुठे आहे याला असते. अल्झायमरमध्ये ती विशेषतः पोस्टेरिअर सिंग्युलेट व प्रिक्युनिअस (मेंदूच्या मध्यरेषेजवळचे मागचे भाग) आणि पार्श्वखंड व शंखखंड (पॅरायटल व टेम्पोरल भाग) यांत दिसते. स्मृतिभ्रंशाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात कपाळामागच्या आणि शंखखंडाच्या पुढच्या भागात. लेवी बॉडी प्रकारात मागच्या, दृष्टीच्या भागातही. मात्र अपवाद असतात आणि हे नमुने एकमेकांत मिसळतातही. चित्रातले लाल-निळे रंग संगणकाने निवडलेल्या मोजपट्टीवर अवलंबून असल्यामुळे दोन केंद्रांची चित्रे शेजारी ठेवून रंगांवरून तुलना करू नये. या स्कॅनमध्ये अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारी ॲमिलॉइड किंवा टाऊ ही प्रथिने दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे पेट स्कॅन असतात.

डॉक्टरांकडे जाताना एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी न्यावी, कारण आकसलेला भाग किंवा जुना पक्षाघातही पेटवर घट दाखवतो. घट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ती लक्षणांशी जुळते का आणि तिच्यामुळे उपचारात काय बदलणार आहे, हे तीन प्रश्न लिहूनच न्यावेत.