पत्र्याला तापवून काढलेलं व्हॅन गॉगचं आभाळ

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, काम करते. व्हॅन गॉगची 'स्टारी नाइट' मोठी करून पाहिली तेव्हा त्या आभाळात मला जॉबवरून (कापायच्या तुकड्यावरून) उतरणारं टर्निंगच, म्हणजे धातूच्या वळ्या, दिसलं. रंगाचे जाड फटकारे, प्रत्येकाची आपली दिशा. पत्र्याचं उठावाचं काम, म्हणजे फळीवरून वर उठलेलं चित्र, शिकायचं तर याच चित्रापासून शिका.

मूळ चित्र ७३.७ बाय ९२.१ सेंटीमीटरचं, म्हणजे चारास पाच. १८ एमएमचा प्लाय २ फूट बाय अडीच फूट कापला की प्रमाण जमतं. त्यावर खडूने ११ तारे आणि चंद्र मांडा, आभाळाच्या लाटांना बाण काढा. आभाळासाठीची पत्र्याची पट्टी बाण सोडून बसली तर आभाळ वाहत नाही, नुसता पत्रा दिसतो.

निळा रंग डब्यातला नको. साध्या लोखंडी पत्र्याच्या बोटभर पट्ट्या पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि गॅसची ज्योत लांबून फिरवा. आधी गव्हाळ, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास गडद निळा. जांभळ्यावर निळी झाक आली की ज्योत काढा. उरलेल्या उष्णतेवर रंग पुढे सरकतो. थांबलात तर तो राखाडी झालाच. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा किंवा झिंक केलेले वायसर मात्र कधीही तापवू नका, जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो.

पुढचं सरूचं झाड टर्निंगचं. ते पक्कडीनेच हाताळा, हात चिरतो. माझं पहिलं झाड रात्रीत गळून पडलं, कारण कूलंटचं, म्हणजे कापताना थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाचं, तेल राहिलं होतं. आता आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, लगेच उन्हात, आणि त्यानंतरच अराल्डाइटने चिकटवायचं. झाड सगळ्यात उंच ठेवा, दीड-दोन इंच. गाव अगदी सपाट. शेवटी पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात निळ्यावर गंज चढतो.

तारे पितळी वायसरचे, एकात एक. सरूच्या उजवीकडचा पांढरा तारा तेवढा स्टेनलेसचा करा. तो शुक्र आहे. १८८९ मध्ये सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना व्हॅन गॉगने तो पहाटे खिडकीतून पाहिला, भावाला तसं कळवलंही. पहिल्या पाळीला निघताना मलाही कधी कधी तो पूर्वेला दिसतो, म्हणून तो वायसर मी सगळ्यात शेवटी बसवते.