जुनी कॅटमरान दुरुस्त करताय? सुकाणूच्या बाबतीत तरी या चुका टाळा

नारळी पौर्णिमा जवळ आली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, जुनी हॉबी १६ स्वस्तात मिळालीये. हल ठीक आहेत, फक्त सुकाणूची पाती मोडलीत. शनिवार-रविवारात होईल ना?"

नाही होणार. घाई करणाऱ्यांची पाती मी इतक्या वेळा पुन्हा मोडलेली पाहिली आहेत की आता सगळं एकदाच लिहून ठेवते.

हॉबी १६ ही १९७० च्या सुमाराची, कॅलिफोर्नियाच्या हॉबी ऑल्टर यांची शिडाची कॅटमरान, म्हणजे दोन हल (लांब, पोकळ धडं) जोडून केलेली बोट. लांबी साधारण ५ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. वाळूवर थेट चढवता यावी म्हणून तिला सेंटरबोर्डच (बोट बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात उतरवायची फळी) ठेवलेला नाही. हल बाहेरून सपाट आणि आतून फुगीर असतात, त्यामुळेच ती वाऱ्याने बाजूला फारशी घसरत नाही. पाण्याखाली हलच्याही खाली उतरणारी वस्तू एकच, ती म्हणजे सुकाणूची दोन पाती. तळाला काही लागलं तर पहिला मार त्यांनाच बसतो.

म्हणून सगळ्यात मोठी चूक ही, की पातं का मोडलं हे न बघता रेझिन (फायबर चिकटवायचं द्रव्य) आणायला धावायचं.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलाने अशीच बोट घेतली. दोन्ही पाती खालच्या कास्टिंगच्या (पातं धरणाऱ्या ओतीव धातूच्या भागाच्या) कडेला तडकलेली. ती जागा नेहमीचीच, कारण वाकवणारा जोर तिथेच सगळ्यात जास्त असतो. त्याने भर ऑगस्टमध्ये तड्यावर चॉप्ड मॅटचे (फायबरच्या तुटक धाग्यांच्या कापडाचे) तीन थर पॉलिएस्टर रेझिनने चिकटवले, वरून जेलकोट (चकचकीत वरचा थर) फिरवला. पाती आरशासारखी चमकत होती. मी शेडमध्ये शेजारीच होते आणि त्याला थांबवलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

ऑक्टोबरात अलिबागला आम्ही दोघं बाहेर पडलो. दुपारी वारा चढला आणि परतताना डावं पातं कडकन गेलं. सगळा भार उजव्यावर आला. मिनिटभरात तेही गेलं. टिलर (सुकाणूचा दांडा) हातात नुसता हलत होता, बोटीने नाळ (पुढचं टोक) वाऱ्यात फिरवली, शीड फडफडायला लागलं. जिब (पुढचं लहान शीड) उलट्या बाजूला धरून नाळ वळवायचा प्रयत्न केला, वल्हं मारलं, पण ओहोटी आम्हाला बाहेर ओढत होती. शेवटी मासेमारी करून परतणाऱ्या एका होडीने दोर टाकला. तांडेलकाका एवढंच म्हणाले, "सुकाण बघून निघायचं होतं, पोरांनो."

संध्याकाळी मोडलेला तुकडा मी हातात घेतला. वरचं मॅट पापडासारखं सुटून आलं होतं आणि खाली जुना पिवळट जेलकोट जसाच्या तसा. पॉलिश पेपरचा एक ओरखडासुद्धा नव्हता! नवीन थराने कशाला धरून राहायचं?

पण पाती मुळात मोडण्याचं खरं कारण दुसरंच होतं. पात्यांची टोकं वाळूने खरडून बोथट झाली होती आणि वरच्या कास्टिंगमधला स्प्रिंगचा स्क्रू पार तळापर्यंत आवळलेला होता. त्या कास्टिंगमध्ये स्प्रिंग, प्लंजर (स्प्रिंगने दाबलेला दट्ट्या) आणि कॅम (पातं खाली अडकवून ठेवणारा तुकडा) असतो. पातं तळाला लागलं की कॅम सुटून पातं मागे उचललं जायला हवं. अलिबागचा किनारा किती उथळ आहे ते सांगायला नको, ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं चालत जातात. तिथे स्क्रू इतका आवळला की पातं उचललंच जात नाही, थेट मोडतं.

याच्या उलटही होतं. स्प्रिंग ढिली किंवा कॅम झिजलेला असेल तर बोट वेगात आली की पाती हळूच मागे सरकतात. टोक थोडं जरी मागे गेलं तरी टिलर एकदम जड होतो. लोकांना वाटतं, वाराच जोराचा आहे. हात भरून येतात आणि पात्यावरचा भार कितीतरी वाढतो.

माझी सवय अशी. बोट स्टँडवर घ्यायची, पाती खाली लॉक करायची. वरचं आणि खालचं कास्टिंग समोरून एकमेकांना घट्ट टेकलं पाहिजे, फट दिसता कामा नये. मग पात्याचं टोक एका हाताने मागे ओढायचं. चांगला जोर लावल्यावर सुटलं तर बरोबर. बोटाने सुटलं तर ढिलं, दोन हातांनीही सुटेना तर घट्ट. दोन्ही पात्यांना सारखाच जोर लागेपर्यंत मी स्क्रू फिरवत राहते.

एवढं झालं की मग पात्याची दुरुस्ती. आधी पातं कशाचं आहे ते बघा. पॉलिकार्बोनेटचं असेल तर चिकटवण्याच्या फंदात पडू नका, नवीन घ्या. फायबरचं आणि आत फोम असेल तर आधी वाळवा. आठ दिवस, पंधरा दिवस, लागतील तितके. मी पातं रोज वाण्याच्या काट्यावर ठेवते. वजन उतरायचं थांबलं की वाळलं.

मग दोन्ही बाजूंनी उतार घासायचा, जाडीच्या बारा पट. थर ३ मिमी जाड असेल तर ३६ मिमी उतार. बघताना वाटतं, चांगलं पातं खराब करतोय. करा. एकाच दिशेचे धागे असलेलं कापड लांबीच्या दिशेने घाला. चॉप्ड मॅट इथे उपयोगाचं नाही. रेझिन एपॉक्सीच. जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी छान धरतं. एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

पावसाळ्यात एपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो थिनरने नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने जातो. तो न काढता पुढचा थर दिला तर पुन्हा पापड.

बाकीचं थोडक्यात.

पॉलिएस्टर वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका. स्फोट होतो.

हलची गळती शोधायला कॉम्प्रेसर लावू नका, सांधे उघडतील. साबणाचं पाणी लावा आणि तोंडाने फुंका.

डेकवर नाण्याने टकटक करत जा. आवाज बद्द आला की आत फोम सुटलाय. पुढच्या आडव्या बारच्या आसपास जास्त बघा.

बोट उन्हात ठेवताना ड्रेन प्लग (हलमधलं पाणी काढायचं बूच) काढून ठेवा.

स्टेच्या (डोलकाठी ताणून धरणाऱ्या) तारेचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी तार बदला. यात काटकसर नको.

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. ती जवळजवळ ८ मीटरची ॲल्युमिनियमची आहे. विजेच्या तारांना लागून माणसं दगावली, म्हणून १९८० च्या दशकात हॉबी कंपनीने वरचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं केलं. जुन्या डोलकाठीला ते नसेलही.

सुकाणू बसवायच्या पिनांची भोकं मोठी झाली असतील तर जाड पिन ठोकू नका. भोक दाट केलेल्या एपॉक्सीने भरून पुन्हा पाडा. शेवटी दोन्ही पात्यांमधलं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजा. पुढे किंचित कमी चालेल, जास्त अजिबात नको. पहिल्या दिवशी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहा, वल्हं बांधून घ्या, आणि परतताना एकदा मुद्दाम मऊ वाळूवर हळू येऊन पाती आपसूक उचलली जातायत का ते बघा. नाही उचलली तर स्क्रू अर्धा फेर सैल करा आणि पुन्हा जा.