कोकणातल्या शहराचा आराखडा मोजायचा कसा

विकास आराखड्यात झोन आणि रस्ते रंगवलेले असतात. त्याने लोकांचं येणंजाणं सोपं झालं का आणि जमीन जपून वापरली गेली का, हे वेगळं मोजावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतले दोन निर्देशांक सुरुवातीला पुरतात.

पहिला ११.२.१: किती लोकांना ५०० मीटरच्या आत बसथांबा, किंवा १ किलोमीटरच्या आत रेल्वे वा फेरीबोट मिळते. थांब्याभोवती गोल काढून घरं मोजू नका, कोकणात तो गोल हमखास फसवतो. सड्यावरची वाडी आणि खालचा थांबा सरळ रेषेत ३०० मीटर असतील, पण पाखाडी (डोंगरउतारावरची पायऱ्यांची पायवाट) उतरून साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, गेलं की ७०० सहज भरतात. क्यूजीआयएस या नकाशे तयार करायच्या मोफत संगणकप्रणालीतलं ‘सर्व्हिस एरिया’ हे साधन वाटेवरचं अंतर धरतं. मात्र ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर पाखाड्या क्वचितच सापडतात. फोनवर जीपीएस ट्रॅक लावून, चालून, त्या आधी भरा. सपाटीवर ५०० मीटरला सहा-सात मिनिटं लागतात, दर १० मीटर चढाला एक मिनिट जास्त धरा. पावसात बंद पडणाऱ्या वाटा वेगळ्या नोंदवा आणि आकडा दोनदा काढा: एकदा मे महिन्यातला, एकदा जुलैतला.

थांबा आहे म्हणजे गाडी आहे असं नाही. संध्याकाळी येऊन पहाटे निघणारी मुक्कामाची एसटी एवढीच सोय असेल, तर तो थांबा यादीतून काढा. सकाळी ७ ते रात्री ८ या वेळात तासाला एक फेरी, ही आमच्या मते किमान अट. वेळापत्रक हातात असलं तरी कामाचा एक दिवस थांब्यावर बसून आलेल्या गाड्या टिपा. रत्नागिरी आणि सावंतवाडीची स्टेशनं मूळ शहरापासून दूर आहेत, त्यामुळे तिथे रेल्वेचा १ किलोमीटर जुन्या वस्तीच्या फारसा कामी येत नाही. स्टेशनला जोडणारी बस मोजा.

दुसरा ११.३.१: जमीन व्यापण्याचा वेग भागिले लोकसंख्यावाढीचा वेग. समजा, १० वर्षांत बांधलेलं क्षेत्र ३ वरून ४.२ चौरस किलोमीटर झालं: (१.२ ÷ ३) ÷ १० = ०.०४. लोकसंख्या ५०,००० वरून ५५,००० झाली: १.१ चा नैसर्गिक लॉग ०.०९५, भागिले १०, म्हणजे ०.००९५. गुणोत्तर ४.२. जमीन माणसांच्या चौपट वेगानं गेली.

इथे एक खोच आहे. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. घटत्या गावाला हे सूत्र ऋण आकडा देतं, त्याचा अर्थ लावत बसू नका. दरडोई बांधलेलं क्षेत्र काढा. चाकरमान्यांची बंद घरं जमीन व्यापतात पण शिरगणतीत येत नाहीत, म्हणून घरपट्टीच्या यादीवरून ती वेगळी काढा.

बांधलेल्या क्षेत्रासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांची १० मीटरची चित्रं फुकट मिळतात. ऑक्टोबरअखेरची घ्या. उन्हाळ्यातला उघडा कातळ संगणक बांधकाम समजतो, आणि आंब्या-फणसाखालची कौलं त्याला कधीच दिसत नाहीत. शंभरेक ठिकाणं प्रत्यक्ष पडताळा.

शेवटी नवीन बिनशेती भूखंड पूररेषेच्या नकाशावर ठेवा. निळ्या रेषेच्या (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आत किती, आणि त्यांतले थांब्याजवळ किती, ते लिहा. चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, थांब्याजवळची सपाट जागा आणि पुराची जागा बरीचशी एकच निघते.